तारेला डोळे नसतात! फासाच्या बावीस भन्नाट गोष्टी

मुंबई-नाशिक हायवेवर पडघा आलं की मान वर करून बघा. मनोऱ्यांच्या रांगा, आणि त्यांच्यावरून चारी दिशांना गेलेल्या तारा. वीज आणणाऱ्या, वीज नेणाऱ्या. आता मान खाली घाला. भाताच्या खाचरांपलीकडे झाडी सुरू होते आणि पुढे तानशाचं रान लागतं. राज्यात अशा कितीतरी रानांच्या कडेला आणखी एक तार लपलेली असते. हातभर लांबीची आणि एका टोकाला गाठ मारलेली. कोकणात तिला फासकी म्हणतात, बाकी ठिकाणी नुसता फास.

फासाची तार जाड हवी की बारीक, एकेरी की पिळाची, लोखंडी की आणखी कसली, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. तो शिकाऱ्याला पडला, शेतकऱ्याला पडला, शास्त्रज्ञाला आणि कायदा लिहिणाऱ्यालाही पडला. त्यांची उत्तरं एकापाठोपाठ एक वाचली की लक्षात येतं, फासाची तार बदलली तेव्हा रानाचं नशीबही बदललं.

1. चंद्रपूर ते पडघा, एका दमात

पडघ्याची सगळ्यात मोठी तार 752 किलोमीटर लांब आहे. चंद्रपूरहून निघणारी ही एकदिश प्रवाहाची वाहिनी 1999 मध्ये सुरू झाली. तिचा दाब अधिक-उणे 500 किलोव्होल्ट आणि क्षमता 1500 मेगावॉट. विदर्भातला कोळसा विदर्भातच जळतो, वीज मात्र पडघ्याच्या उपकेंद्रात उतरते आणि तिथून पुढे जाते. म्हणजे या तारेचं एक टोक ताडोबाच्या वाघांच्या जिल्ह्यात आणि दुसरं भिवंडी तालुक्यात. तारेनं माणसाचं किती भलं केलं याचा पुरावा पडघेकरांच्या डोक्यावरच आहे.

2. ससा, कुत्रा आणि मूस

विजेच्या तारांना चक्क जनावरांची नावं असतात! आत पोलाद आणि बाहेर ॲल्युमिनियम अशा तारांच्या आकारांना ब्रिटिश पद्धतीत प्राण्यांची नावं दिली गेली आणि भारतात तीच रुळली. रॅबिट म्हणजे ससा, डॉग म्हणजे कुत्रा; शिवाय स्क्विरल, वीझल, रकून, पँथर, झेब्रा. 400 केव्हीच्या लाइनींवर सर्रास दिसणारी मूस ही तार उत्तरेकडच्या थोराड सांबराच्या नावाची. तिच्यात ॲल्युमिनियमच्या 54 आणि पोलादाच्या 7 तारा पिळलेल्या असतात. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं आणि पोलाद वजन पेलतं.

3. 7×7 म्हणजे 49

पिळाच्या पोलादी तारेचा हिशेब सोपा आहे. पहिला आकडा पेडांचा, दुसरा प्रत्येक पेडातल्या तारांचा. 7×7 म्हणजे सात पेड, दर पेडात सात तारा, एकूण 49. 7×19 म्हणजे 133. आणि 1×19 म्हणजे एकाच पेडात 19 तारा. जाडी तेवढीच ठेवून आतल्या तारा बारीक आणि जास्त केल्या की दोर लवचीक होतो. तारा कमी आणि जाड ठेवल्या की तो ताठ राहतो, घासला तरी लवकर झिजत नाही. क्रेन असो, लिफ्ट असो की विहिरीवरचा रहाट, तार निवडणारा माणूस हाच तोल बघतो. भारतात अशा दोरांसाठी आयएस 2266 हे मानक आहे.

4. खाणीत जन्मलेला दोर

पोलादी दोराचं मूळ सापडतं जर्मनीतल्या हार्ट्स पर्वताच्या खाणींत. खोल खाणीतून माल वर ओढायला तेव्हा तागाचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरत. दोर कुजायचे. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली कोसळायचा. विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्यानं 1834 मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला. त्यातली एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून ठेवतात, आणि तुटलेली डोळ्यांना दिसते म्हणून वेळीच दोर बदलता येतो. या गुणामुळे किती खाणकामगारांचे जीव वाचले असतील! पण हाच गुण फासात आला की तो जनावराच्या मुळावर येतो. चार तारा तुटल्या तरी उरलेल्या धरूनच ठेवतात.

5. गॅरेजबाहेर टाकलेली क्लच वायर

बाहेर नळी आणि आत सरकणारी तार, अशी केबल अर्नेस्ट बाउडन यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांचं ब्रिटिश पेटंट 1896 सालचं. सायकलचे ब्रेक असोत की मोटारसायकलचा क्लच, सगळे त्याच कल्पनेवर चालतात. गॅरेजमध्ये बदललेली एखादी जुनी क्लच वायर हातात घेऊन बघा. वरची काळी नळी काढली की आतली तार ग्रीसनं चिकट लागते. एका टोकाला धातूचा छोटा गोळा असतो. त्याच्याजवळ बारीक तारा विस्कटून उभ्या राहिलेल्या, बोटाला टोचणाऱ्या. बिघाड बहुतेक वेळा तेवढ्या बोटभर जागेत असतो, उरलेली तार धडधाकट. फुकट मिळणारी, मजबूत आणि न कुजणारी म्हणून हीच तार फासासाठी उचलली जाते.

6. हितोपदेशातला कोल्हा आणि फासाचं साहित्य

पिकात शिरणाऱ्या जनावरासाठी फास लावणं ही काही आजची गोष्ट नाही. नारायणपंडिताच्या हितोपदेशात चित्रांग नावाचं हरीण शेतात चरायला जातं, म्हणून शेतकरी फास लावतो आणि ते अडकतं. क्षुद्रबुद्धी कोल्ह्याला ते म्हणतं, दातांनी एवढा फास तोड. कोल्हा सबब सांगतो की हा फास स्नायूंचा केलेला आहे आणि आज रविवारचं व्रत, मग दात कसा लावू? गोष्टीतला कोल्हा लबाडच, पण त्याच्या सबबीतून कळतं की फास जनावराच्या स्नायूंचा असे, म्हणजे दातांनी तुटण्यासारखा. आजच्या क्लच वायरला कोल्हा, उंदीर, बिबट्या, कुणाचाच दात लागत नाही.

7. तात, वाख आणि घोड्याचे केस

तार येण्याआधी फास केला जाई तो झाडाच्या सालीच्या वाखाचा, सुताचा, चामड्याचा, स्नायूंच्या तातीचा किंवा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. तित्तर आणि लाव्यांसाठी केसांचे बारीक फास असत. महाराष्ट्रातल्या फासेपारधी समाजाची ओळखच या कसबावरून पडली. पाखरांच्या वाटा, त्यांच्या वेळा आणि आवाज यांचं त्यांच्याएवढं बारीक ज्ञान क्वचितच कुणाला असेल. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसायला अजून वेळ लागतो आहे. रानाची एवढी जाण असलेली माणसं रान राखण्याच्या कामात मानानं घेतली गेली पाहिजेत.

वाखाचा किंवा सुताचा फास एखाद्या पावसाळ्यात कुजून जाई. लावणारा विसरला तरी पाऊस विसरत नसे. जस्ताचा मुलामा दिलेली तार मात्र पावसाला दाद देत नाही.

8. टिटवाळ्याच्या गणपतीच्या पंचक्रोशीत

पडघ्यापासून टिटवाळ्याचा महागणपती जवळच. गणपतीच्या हातांत आपण पाश आणि अंकुश बघतो. दोन्ही वस्तू हत्तीशी निगडित आहेत. अंकुश हत्तीला वळवायला आणि पाश त्याला धरायला. ईशान्य भारतात रानटी हत्ती पकडण्याची मेला शिकार नावाची पद्धत होती. शिकवलेल्या हत्तीवर बसून रानटी हत्तीच्या गळ्यात दोराचा फास टाकायचा, आणि फास टाकणारा तो फांदी. आसामच्या पार्वती बरुआ या कामात तरबेज. भारतातल्या पहिल्या महिला माहूत म्हणून त्या ओळखल्या जातात आणि 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे फास माणसाच्या हातात असे, त्यामुळे कुणाला धरायचं आणि कधी सोडायचं हे माणूस ठरवी.

9. अकबराचं शिकारी हरीण

ऐन-ए-अकबरीत अबुल फजलनं एक अजब शिकार नोंदवली आहे. माणसाळलेल्या हरणाच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानातल्या हरणांसमोर सोडायचं. रानातला नर त्याच्याशी झुंजायला येतो आणि त्याची शिंगं नाहीतर पाय त्या जाळ्यात गुंततात. हरणानं हरीण पकडायचं!

10. मातीतला सर्वांत चपळ फास

बांधावरची मूठभर माती उचला. तिच्यातही फास असू शकतात, डोळ्यांना न दिसणारे. काही बुरशा मातीतल्या सूक्ष्म कृमींसाठी तीन पेशींचं कडं तयार करतात. कृमी कड्यात शिरली आणि कडं आतून घासलं गेलं की तिन्ही पेशी फुगतात आणि फास आवळतो. वेळ लागतो सेकंदाचा दहावा हिस्सा! फ्रान्समधल्या सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अशा कृमीखाऊ बुरशीची कडी सापडली आणि 2007 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. माणूस जन्माला येण्याच्या फार आधी निसर्गानं फास केला होता, आणि तोही नेमक्या भक्ष्याच्या मापाचा.

11. दोन मिलिमीटर विरुद्ध दोन सेंटिमीटर

तार इतकी का रुतते? गणित शाळेतलंच आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जनावरानं तेवढ्याच ताकदीनं ओढलं, वळसा तेवढाच असला, तर दोन सेंटिमीटर जाड दोराच्या तुलनेत दोन मिलिमीटर तारेचा दाब दहापट. त्यात सुरगाठीचा स्वभाव असा की ओढाल तशी ती आवळत जाते. अडकलेलं जनावर स्वस्थ राहिलं तर कदाचित वाचेल, पण घाबरलेलं जनावर स्वस्थ कसं राहणार? ते झटके देतं, गोल फिरतं, झाडावर चढायला बघतं. दर झटक्याला तार कातडीत, मग मांसात शिरते.

12. डुकरासाठी लावला, बिबट्या अडकला

फास जनावराचं नाव विचारत नाही. रानडुक्कर ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं भेकर येतं, साळींदर येतं, तरस येतं आणि त्यांच्या मागावर बिबट्याही येतो. गावची कुत्री आणि वासरंही त्यात सापडतात. शेजारच्या कर्नाटकात संशोधकांनी 2009 ते 2020 या काळातल्या घटना गोळा केल्या. तारेच्या फासात बिबट्या अडकल्याच्या 113 घटना निघाल्या आणि त्यांतले निम्म्याहून जास्त बिबटे मेले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी वर्षातून अनेकदा वाचायला मिळते. त्यातल्या बहुतेक फासक्या बिबट्यासाठी लावलेल्या नसतातच. लावणाऱ्याच्या मनात डुक्कर असतं, पण तारेला ते ठाऊक नसतं.

13. फास निघाला तरी धोका टळत नाही

कमरेला फास बसलेला बिबट्या वरून धडधाकट दिसतो. डोळे जळजळीत, गुरगुरणं जोरात. आत मात्र स्नायू फाटलेले आणि आतड्यांना इजा झालेली असू शकते. जिवाच्या आकांतानं झगडलेल्या जनावराचे स्नायू विरघळू लागतात, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. सुटल्यानंतर काही दिवसांनीही ते दगावू शकतं. म्हणून पशुवैद्य लगेच सोडण्याची घाई करत नाहीत. भुलीचं इंजेक्शन दुरून मारायचं, तार कटरनं कापायची, जखम धुवायची आणि मग जनावर नजरेखाली ठेवायचं. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात अशा जखमी बिबट्यांची शुश्रूषा होते.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एक वाघीण गळ्यात तारेचा फास घेऊन अनेक महिने वावरत होती. 2025 च्या जानेवारीत वनविभागाच्या पथकानं तिला बेशुद्ध करून तो काढला. त्या पथकानं किती दिवस तिचा माग काढला असेल, याची कल्पना रानात फिरणाऱ्यालाच येईल.

14. कायद्याच्या लेखी फास म्हणजे शस्त्र

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 उघडा. शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, स्फोटकं, धनुष्यबाण यांच्या जोडीला फास आणि सापळाही आहे. शिकारीची व्याख्या त्याहून कडक. फास लावून पकडणं ही शिकार आणि तसा प्रत्येक प्रयत्न हीसुद्धा शिकार. म्हणजे फासात काहीच अडकलं नाही, तरी फास लावला तिथेच गुन्हा घडला. बिबट्या, वाघ अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन, हत्यार, सापळा सगळं सरकारजमा. डुकरासाठी लावला होता साहेब, हा बचाव इथे चालत नाही.

15. लोखंडी जबडा आणि मेटल डिटेक्टर

तारेच्या फासाचा थोरला भाऊ म्हणजे जबड्यासारखा मिटणारा लोखंडी सापळा. 2012 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पळसगाव भागात दोन वाघ अशा सापळ्यांत सापडले आणि त्यांतला एक मेला. त्यानंतर पाणवठ्यांभोवती गस्त वाढली. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची माणसं आता मेटल डिटेक्टर घेऊन पाचोळ्याखालचं लोखंड शोधतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात, म्हणून वनरक्षकांसाठी चैत्र-वैशाख हे सर्वांत जागं राहण्याचे महिने.

16. बंदी घालणारे, अटी घालणारे

वेल्समध्ये 17 ऑक्टोबर 2023 पासून फास वापरायला पूर्ण बंदी आली. ब्रिटनमध्ये असं करणारा तो पहिला प्रदेश. स्कॉटलंडनं 2024 मध्ये कायदा केला आणि 25 नोव्हेंबर 2024 पासून तिथेही फास बंद झाले. उत्तर अमेरिकेत परवान्यानं फास लावता येतात, पण ठिकठिकाणी अटींची लांबलचक यादी असते. ताण सैल झाला की गाठ ढिली व्हावी, हरणाचा पाय निसटेल एवढं भोक राहावं, थोराड जनावरानं ओढलं की जोड आपोआप सुटावा. सापळे तपासायच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ 10990. एवढी बंधनं घालावी लागतात याचाच अर्थ असा की नुसती तार भरवशाची नाही, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

17. हिमबिबट्याच्या पायातला फास

फास जीव वाचवायलाही वापरतात. हिमबिबट्याला कॉलर लावायची तर आधी पकडायला हवं. मंगोलियाच्या दक्षिण गोबीत 2008 पासून चाललेल्या अभ्यासात पायाचा फास वापरतात. त्यात झटका सोसायला स्प्रिंग असते आणि तारेला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी असते. फासाला जोडलेलं रेडिओ यंत्र, जनावर अडकलं की लगेच छावणीत इशारा देतं. मग माणसं रात्र असो की बर्फ असो, धावत निघतात. जनावर फासात जितका कमी वेळ राहील तितकी इजा कमी. रानातल्या फासकीत बिबट्या पहाटे अडकला तर कुणाच्या नजरेस पडेपर्यंत ऊन चढलेलं असतं. गोबीतल्या फासामागे मात्र कुणीतरी जागं बसलेलं असतं.

18. फास मोडणारी पोरं

रवांडाच्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात 2012 मध्ये रक्षकांनी जे बघितलं त्यावर आधी कुणाचा विश्वास बसला नसता. र्‍वेमा आणि डुकोरे या सुमारे चार वर्षांच्या दोन गोरिलांनी फासाला ताण देणारी फांदी मोडली आणि दोरी सोडवून फास निकामी केला. काही दिवसांपूर्वीच त्यांच्या कळपातलं एक पिल्लू फासात अडकून मेलं होतं. पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या बोसूचे चिंपांझीही फास ओळखून ते मोडतात, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. त्यांना फास कुणी शिकवला नाही. त्यांनी तो भोगला आणि ओळखला.

19. आकडा ऐकून थांबाल: 1 कोटी 23 लाख

व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तीन देशांच्या संरक्षित रानांत मिळून सुमारे 1 कोटी 23 लाख फास असावेत, असा जागतिक वन्यजीव निधीच्या 2020 च्या अहवालाचा अंदाज आहे. तिथली रानं वरून हिरवीगार दिसतात, झाडं जागच्या जागी उभी असतात, पण आत चालणारं जनावर जवळपास उरलेलं नाही. साओला हा लांब शिंगांचा प्राणी शास्त्रज्ञांना 1992 मध्ये कळला आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. झाडं शाबूत ठेवून रान रिकामं करता येतं, हे तारेनं जगाला दाखवून दिलं.

20. फासांचे हत्ती

युगांडात मर्चिसन फॉल्स उद्यानाच्या कडेच्या गावांत एक सुंदर काम चालू आहे. रानातून काढलेल्या फासांच्या तारा वळवून कारागीर हत्ती, सिंह, जिराफ घडवतात आणि विकतात. स्नेअर्स टू वेअर्स हे त्या उपक्रमाचं नाव. तार तीच आणि हातही त्याच गावचे, पण पोट भरतं ते जनावर न मारता. आपल्याकडेही ठाणे-पालघरमध्ये बांबूत आणि चित्रात मुरलेले हात कमी नाहीत. जप्त तारेचं असं सोनं करायला कुणी पुढे आलं तर पहिलं गिऱ्हाईक मी.

21. पडघ्याच्या पलीकडे कोण कोण चालतं?

तानसा तलाव 1892 पासून मुंबईची तहान भागवतो आहे. त्याच्या भोवतीचं रान अभयारण्य आहे. मध्य भारतातून नामशेष झाला असं शतकभर मानलेला रानपिंगळा 1997 मध्ये नंदुरबारकडच्या रानात पुन्हा दिसला आणि 2014 मध्ये थेट तानशात! तानसा, तुंगारेश्वर आणि बोरिवलीचं संजय गांधी उद्यान ही रानं बिबट्याच्या पावलांनी जोडलेली आहेत. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून वाचवलेला आजोबा हा बिबट्या कॉलर लावून माळशेजला सोडला गेला. कसाऱ्याचा परिसर, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईची खाडी असं सगळं ओलांडत तो सुमारे 120 किलोमीटर चालून संजय गांधी उद्यानाच्या रानात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. त्या वाटेवर एखादी क्लच वायर टांगलेली असती, तर ही गोष्ट आपल्याला कधीच कळली नसती.

22. मग पिकाची राखण कोणत्या तारेनं?

रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताचं खाचर लोळवून जातो. चार महिन्यांचे कष्ट सकाळी चिखलात दिसतात. त्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे, त्याला उपदेश नको, उपाय हवा. उपाय आहे तो सौर कुंपणाचा. झटका मशीन तारेत विजेचा क्षणिक ठोका सोडतं. मानकाप्रमाणे हा ठोका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून लांबत नाही आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर राहतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही, आणि चुकून हात लागलेला माणूसही वाचतो. यंत्र घेताना आयएस 302-2-76 हे मानक पाळलंय का, हे दुकानदाराला विचाराच. घरच्या मीटरवरून किंवा खांबावरून थेट वीज कुंपणात सोडणं मात्र सरळ मरण आहे. डुक्कर मरेल तसाच शेजारीही मरेल, आपलं पोरही मरेल.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून रानालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा करून वनविभागाकडे भरपाई मागता येते. उपद्रव फारच झाला तर कायद्याच्या कलम 11 खाली अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं डुकरांचा बंदोबस्त करण्याचीही सोय आहे. या तिन्ही वाटा सरळ आहेत. कागदपत्रांचा व्याप आहे खरा, पण ग्रामपंचायतीनं एकत्र अर्ज केले तर तो निम्मा होतो.

तार दिसली तर एवढं कराच

जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका. गर्दी आणि आरडाओरडा थांबवा, मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना मागे सारा. तो जीव जितका कमी घाबरेल तितका वाचेल. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि ठिकाण नेमकं सांगा: गाव, पाडा, ओढा, जवळचा खांब. रिकामा फास दिसला तर जागेचा फोटो काढून वनरक्षकाला बोलवा, कारण तो फास पुरावाही असतो. एक सापडला की त्याच वाटेवर आणखी असण्याची शक्यता मोठी, तेव्हा त्याच्यासोबत आजूबाजूचं रान बघून घ्या.

आणि ज्यांचं गॅरेज आहे त्यांना एक कळकळीची विनंती. बदललेली क्लच वायर दाराबाहेर फेकू नका. तिचे वीतभर तुकडे करा आणि भंगारात टाका. पक्कडीचे थोडे दाब पुरतात. पडघ्यापासून शहापूरपर्यंत हायवेलगतच्या गॅरेजवाल्यांनी एवढं मनावर घेतलं, तर फासासाठी फुकट मिळणारी तार इथेच संपेल.